सातवी ड

यशोधरा रोकडेला लेकीचा अभिमान होता, आणि तो लपवायची तिला कधी गरज वाटली नव्हती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कुणी मुलांचा विषय काढला की "आमची विशाखा सहावी अ मध्ये आहे" हे ती इतक्या सहजपणे सांगायची, की ऐकणाऱ्याचं त्या 'अ'कडे लक्ष जावंच.

अंबरनाथ पूर्वेच्या सह्यकिरण विद्यालयात त्या 'अ'ला मोल होतं. चौथीच्या मार्कांवरून पाचवीत तुकड्या पडायच्या आणि पडल्या की दहावीपर्यंत तशाच राहायच्या. अ तुकडी पहिल्या मजल्यावर, पंख्याखाली, शाळेतल्या सगळ्यात चांगल्या शिक्षकांच्या हाताखाली. ड तुकडी मैदानाच्या पार टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये. त्या बाजूची कंपाउंडची भिंत कधीची पडलेली होती. पलीकडच्या गाळ्यांमध्ये माल भरायला येणारे टेम्पो खुशाल मैदानात शिरून वळायचे. हे सगळं यशोधराने कितीदा तरी पाहिलं होतं. पाहून, आपली पोर वरच्या मजल्यावर आहे या समाधानात ती घरी आली होती.

समोरच्या बिल्डिंगमधल्या शीलाची मधु ड मध्ये होती. मधु आणि विशाखा बालवाडीपासूनच्या मैत्रिणी. संध्याकाळी मधु दप्तर घेऊन यायची, दोघी गॅलरीत बसून अभ्यास करायच्या, अभ्यास कमी आणि खिदळणं जास्त. पण दोन हजार चार सालच्या त्या फेब्रुवारीत मधु येईनाशी झाली. आज येईल, उद्या येईल म्हणत आठवडा गेला, तेव्हा रात्री ताटं वाढताना यशोधराने विचारलं, "मधु कुठे दिसत नाही गं? भांडलात का?"

"भांडले नाही," विशाखा भाकरी मोडत म्हणाली. "मी फक्त डबक्यातली म्हणाले तिला. तर रडायलाच लागली."

"काय म्हणालीस?"

"डबक्यातली. ड म्हणजे डबकं. पावसात शेडमध्ये पाणी भरतं ना, म्हणून. सगळेच म्हणतात मम्मी. आमच्या बाई पण म्हणतात. कुणी गृहपाठ नाही केला तर, डबक्यात टाकीन तुला, म्हणतात."

यशोधराची सासू सुंदराबाई भिंतीला टेकून जेवत होती. तिचा हात थांबला. "आन् त्या डबक्यात कोन कोन बसतंय?" तिने नातीला विचारलं.

विशाखाला प्रश्नात काही खोच आहे हे कळलं नाही. तिने नावं घ्यायला सुरुवात केली. मधु, सिद्धार्थनगरमधला प्रबोध, त्याची बहीण, पाड्यावरची गंगू, खालच्या चाळीतले दोघे. नावं घेता घेता तिची तीच म्हणाली, "ड म्हणजे बहुतेक आपल्या इकडचीच पोरं आहेत."

सुंदराबाईने ताटातच हात धुतला. यशोधराला ती बोलली असती तर बरं वाटलं असतं. तिला लेकीचा राग येत होता आणि राग काढायला तोंड नव्हतं. कारण अ म्हणजे काय आणि ड म्हणजे काय, हे पोरीला शिकवलं कुणी? बाईंनी शिकवलं, शाळेने शिकवलं, आणि एक्स्चेंजमध्ये ऐटीत 'सहावी अ' म्हणणाऱ्या आईनेही थोडं शिकवलंच होतं.

दुसऱ्या दिवशी ती विशाखाला हाताला धरून शीलाच्या घरी घेऊन गेली. विशाखाने माफी मागितली. मधुने "बरं" म्हटलं आणि टीव्हीकडे तोंड फिरवलं. शीलाने चहा टाकला. "जाऊ दे गं ताई, पोरांचं काय मनावर घेतेस," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पाचवीला एक्क्याऐंशी टक्के पडले होते हिला. जूनमध्ये मी गेले होते मोठ्या सरांकडे, वरच्या तुकडीत घ्या म्हणून. म्हणाले, अ मध्ये जागाच नाही. मी म्हटलं, नसेल बाबा."

"मला बोलली नाहीस कधी?"

"तुझी विशाखा होती ना अ मध्ये," शीला म्हणाली. तिने ते टोचून म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते यशोधराला जास्त लागलं.

मार्चमध्ये मोठे सर निवृत्त व्हायचे होते. शाळा चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष दौलतराव हे जुन्या वळणाचे, पण पालकांना विचारून घ्यावं असं मानणारे गृहस्थ होते. नवीन मुख्याध्यापक नेमण्याआधी त्यांनी शनिवारी दुपारी पालकांची सभा ठेवली.

"तू काय बोलणारेस तिथे?" यशोधराच्या नवऱ्याने, विक्रांतने, विचारलं. तो बदलापूरच्या एका केमिकल कंपनीत होता आणि दुसऱ्या पाळीला निघायच्या गडबडीत होता.

"डबक्याचं बोलणार."

विक्रांत बुटाची लेस बांधता बांधता थांबला. "आपली पोरगी वरच्या वर्गात आहे. चार वर्षं तिला तिथेच काढायचीत. बाईंनी डूख धरला तर?"

"तेच तर. आपली वर आहे म्हणून आपण गप्प, शीलाची खाली आहे म्हणून तिचं कुणी ऐकत नाही. मग बोलायचं कुणी?"

"बोल बाई," विक्रांत म्हणाला. "पण शांतपणे बोल. तुझा आवाज चढला की समोरच्याला तेवढाच आवाज ऐकू येतो."

सभेला हॉल गच्च भरला होता. दौलतराव उभे राहिले आणि म्हणाले, "मागण्या शंभर असतील, मला ठाऊक आहे. पण नवीन माणसाने पहिलं काम कुठलं हातात घ्यावं, ते एकच सांगा. एकच."

पहिले उठले ते हेमचंद्र दातार. रंगाच्या कारखान्यात अधिकारी, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मुद्देसूद. त्यांचा राजस विशाखाच्याच वर्गात होता. "दहावीचा निकाल," ते म्हणाले. "बाकी सगळं नंतर. आपल्या शाळेचं एक मूल बोर्डात येत नाही. डोंबिवलीच्या शाळा बघा, ठाण्याच्या बघा. गणित आणि विज्ञानाला चांगले शिक्षक आणा, हुशार मुलांवर मेहनत घ्या. शाळेचं नाव झालं की पैसाही येईल आणि भिंतही होईल."

"भिंत पहले होगी, साहेब!" मागून आवाज आला. तो परमानंद तलरेजाचा होता. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये त्याचा जीन्स शिवायचा कारखाना होता. जानेवारीत रिव्हर्स येणाऱ्या टेम्पोचा धक्का लागून त्याच्या दीयाचा हात मोडला होता. "माझी मुलगी डाव्या हाताने लिहायला शिकली, मालूम? बोर्डात यायला मूल पहिलं जिवंत पाहिजे ना? माझा एकच पॉइंट. दीवार आणि गेटवर माणूस. बस."

टाळ्या पडल्या. मग हॉलमध्ये दोन तट पडले. कुणी निकाल म्हणे, कुणी भिंत म्हणे, कुणी मध्येच शाळेच्या रिक्षात कोंबलेल्या पोरांचं काढलं. दौलतराव टेबलावर पेन आपटत होते. त्या गलक्यात यशोधरा उभी राहिली आणि नुसती उभीच राहिली. हळूहळू लोकांचं लक्ष गेलं.

"मी यशोधरा रोकडे," ती म्हणाली. "माझी मुलगी सहावी अ मध्ये आहे. निकालही हवा आणि भिंतही हवी. पण मी तिसरंच बोलणार आहे. या शाळेत ड तुकडीला डबकं म्हणतात. मुलं म्हणतात, आणि मुलांना भीती दाखवायला शिक्षकही म्हणतात. त्या तुकडीत कोण बसतं? सिद्धार्थनगर, खालची चाळ, पाड्यावरची मुलं. जी भिंत पडली आहे ती त्यांच्याच वर्गाशेजारची आहे. टेम्पो त्यांच्या दाराशी वळतात. नवीन मुख्याध्यापकांनी पहिलं काम हे करावं, की या तुकड्या मोडाव्यात."

कुणीतरी पुटपुटलं, "आता यात जात कुठून आली?"

दातार पुन्हा उठले आणि तिच्याकडे वळले. त्यांचा स्वर सभ्यच होता. "रोकडे मॅडम, तो शब्द वाईट आहे, मान्य. तो बंद झाला पाहिजे. पण तुकड्या मार्कांनी पडतात. मार्कांना जात नसते. तुमची मुलगी अ मध्ये आहे, हाच पुरावा नाही का?"

विक्रांतचं बोलणं आठवून यशोधराने आवाज खाली ठेवला. "मार्कांना नसते, साहेब. पण माझ्या शेजारच्या मुलीला पाचवीला एक्क्याऐंशी टक्के होते. तिची आई जूनमध्ये विचारायला आली तर सांगितलं, अ मध्ये जागा नाही. आणि माझी मुलगी सांगते, ऑगस्टमध्ये वर्गात एक नवीन मुलगा आला आणि त्याच्यासाठी बाक आणला."

तो मुलगा कोण, हे तिने विशाखाला विचारलं नव्हतं. तिला खरोखरच ठाऊक नव्हतं. दातारांच्या शेजारी त्यांची बायको नीलिमा बसली होती. ती एकदम म्हणाली, "आपला राजस."

"काय?" दातार म्हणाले.

"ऑगस्टमध्ये पुण्याहून बदली होऊन आपण आलो. सरांनी तुमचं कार्ड बघितलं आणि म्हणाले, काळजी करू नका, अ मध्ये घालतो. परीक्षा घेतली नाही की मार्क विचारले नाहीत." नीलिमा आता उभी राहिली होती. "राजसला पुण्यात बासष्ट टक्के होते. मला तेव्हा बरंच वाटलं. ती जागा कुणाची होती, हे मला आत्ता कळतंय."

दातारांचा चेहरा लाल झाला. ते खाली बसले आणि समोर बघत राहिले. यशोधराला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तिला त्या बाईचं कौतुक वाटलं आणि त्या माणसाची थोडी दयाच आली. भरल्या हॉलमध्ये बायकोने असं बोलावं, आणि ते खरं असावं!

मग मागच्या रांगेतून शीला उठली. ती सभेला आली आहे हे यशोधराला माहीत नव्हतं. "ती मुलगी माझी," एवढंच ती म्हणाली आणि बसली.

हात वर करायची वेळ आली तेव्हा तुकड्या मोडायच्या बाजूने अर्ध्याहून जास्त हात वर गेले. दातारांचा गेला नाही. तलरेजाने हात वर करून विचारलं, "और दीवार?"

"भिंतही," नीलिमा म्हणाली.

"अहो, मी एकच म्हणालो होतो," दौलतराव कुरकुरले. सगळे हसले, आणि सभा संपली.

मे महिन्यात बदलापूरहून हिमानी कारखानीस नावाच्या बाई मुख्याध्यापिका म्हणून आल्या. बुटक्या, जाड चष्म्याच्या, बोलायला तिखट. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी त्यांनी प्रत्येक इयत्तेला डब्यातून चिठ्ठ्या उचलायला लावल्या. ज्याच्या हातात जी तुकडी येईल ती त्याची. त्याहून मोठा गोंधळ उडाला तो दुसऱ्या गोष्टीने. ड तुकडी त्यांनी मुख्य इमारतीत आणली, शिक्षकांच्या खोलीत. आणि शिक्षकांची खोली पत्र्याच्या शेडमध्ये हलवली. त्याच आठवड्यात शेडला पंखे लागले, गळणारे पत्रे बदलले आणि मंडळाने भिंतीचं कामही काढलं. इतकी वर्षं न सापडलेला गवंडी अचानक कसा सापडला, यावर गावभर हशा झाला.

यशोधराही पोट धरून हसली. पण पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी घरी आली तर विशाखा पलंगावर उपडी पडून रडत होती. तिच्या चिठ्ठीत ड आला होता, आणि आठवडाभर धरलेला तिचा धीर सुटला होता.

"गणिताला नवीनच सर आहेत," ती हुंदके देत म्हणाली. "त्यांचा पहिलाच महिना आहे. आमच्या बाई सातवी ब ला गेल्या. मधु पण ब ला गेली. तुझ्यामुळे झालं सगळं!"

यशोधराने तिला समजावलं, जवळ घेतलं, वर्ग सगळे सारखेच असतात म्हणून सांगितलं. सांगताना तिला स्वतःचंच बोलणं पटत नव्हतं. रात्रभर तिच्या डोक्यात तेच. गणिताचा पाया कच्चा राहिला तर? एका मुलीची तुकडी बदलल्याने काय बिघडणार आहे? बाईंना एकांतात विचारून तर बघू. सकाळी तिने एक्स्चेंजला उशिरा येते म्हणून कळवलं. विक्रांतला काही सांगितलं नाही. सुंदराबाईलाही सांगितलं नाही, पण सासू दारातून तिच्याकडे असं काही बघत राहिली, की यशोधराने चपला घाईघाईने पायात सरकवल्या.

मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर बाक होता. बाकावर हेमचंद्र दातार बसले होते.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दातार थोडे सरकले. यशोधरा टेकली. आत फोन चालू होता.

"आज सुट्टी?" दातारांनी विचारलं.

"नाही, उशिरा जाणार आहे. तुम्ही?"

"मी पण. जरा काम होतं." दातार खाकरले. "तुमच्या मुलीला कुठली तुकडी आली?"

"ड," यशोधरा म्हणाली. "तुमच्या राजसला?"

"ड."

थोडा वेळ दोघं समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत बसली. मग दातार अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी गेटबद्दल बोलायला आलोय. भिंत होतेय, पण टेम्पो आता मुख्य गेटातून घुसतात."

यशोधराने त्यांच्याकडे वळून पाहिलं. गेटबद्दल बोलायला आलेल्या माणसाचे कान असे लाल होत नाहीत. "मी पण," ती म्हणाली. "मी पण गेटबद्दलच."

दातारांच्या ओठाचा कोपरा हलला. यशोधराने पदर तोंडाला लावला, पण उशीर झाला होता. आधी ती हसली, मग ते हसले. दोघंही आवाज दाबायचा प्रयत्न करत इतकी हसली की दातारांना चष्मा काढून पुसावा लागला.

"मी सभेत हात वर केला नाही, तेव्हा मला यायचा थोडा तरी हक्क आहे," ते म्हणाले. "पण तुम्ही?"

"मला अजिबात नाही," यशोधराने कबूल केलं. "सासूबाईंना कळलं तर घरात घेणार नाहीत."

"नीलिमाला कळलं तर मलाही नाही."

एवढ्यात दार उघडलं. कारखानीस बाई चष्म्यावरून दोघांकडे बघत उभ्या होत्या. "काय काम काढलंत? तुकडीबद्दल असेल तर आल्या पावली परत जा. सकाळपासून सात जण आले."

"गेटबद्दल," दोघं एकदम म्हणाली.

बाईंना ते कितपत खरं वाटलं कोण जाणे. पण त्यांनी दोघांनाही आत बोलावलं, खुर्च्या दिल्या आणि गेटबद्दल सगळं ऐकून घेतलं. आता बोलावं तर लागणारच होतं, म्हणून दोघं बोलली, आणि बोलायला लागल्यावर पुष्कळ निघालं. सकाळची वेळ, रिक्षांची गर्दी, गाळेवाल्यांना सांगायचं काय. शेवटी बाई म्हणाल्या, "मंडळ माणूस देईल तेव्हा देईल. तोवर पालकांनी उभं राहावं. सोमवारी तुम्ही दोघं. आणि तो कॅम्प चारचा तलरेजा, तो तर रोजच येऊन भांडतो, त्याला तुमच्यात घाला."

पायऱ्या उतरताना दातार म्हणाले, "ते नवीन सर गणिताचे. मी काल त्यांच्या वर्गाबाहेर उभा राहून ऐकलं. वाईट नाही शिकवत. फक्त फळ्याकडे तोंड करून बोलतात."

"मग त्यांना सांगा ना."

"सांगतो. तुम्ही पण चला, मी एकटा गेलो तर घाबरतील."

यशोधरा त्यांच्याबरोबर गेली. नवीन सर दोघांनाही बघून घाबरलेच, पण वहीत टिपून घेतलं.

त्या पावसाळ्यात दर सोमवारी सकाळी शाळेच्या गेटवर तिघं उभी असायची. तलरेजा रस्त्याच्या मधोमध हात पसरून टेम्पो अडवायचा आणि ड्रायव्हरांना सिंधी, हिंदी आणि मराठीत एकदमच झापायचा. दातार रिक्षांची रांग लावायचे. यशोधरा लहान मुलांना हात धरून पलीकडे न्यायची. विशाखा पहिले काही सोमवार आईला ओळख न देता आत जायची. पुढे ती दीयाबरोबर येऊ लागली, कारण दीयालाही ड च आला होता आणि तिला दोन्ही हातांनी लिहिता येतं याचं वर्गाला फार अप्रूप होतं. मधु ब मधून मधल्या सुट्टीत यायची. गॅलरीतलं खिदळणं पुन्हा सुरू झालं, तेव्हा सुंदराबाई आतून ओरडली, "पुस्तकं उघडा की गं भवान्यांनो!" आणि यशोधराला ते कानाला फार गोड लागलं.

श्रावणातल्या एका सोमवारी तलरेजा घरून दालपक्वान घेऊन आला. मुलं आत गेली होती, घंटा झाली होती. त्याने डबा गेटच्या कठड्यावर उघडला, डाळीवर कांदा आणि चटणी घातली आणि कुरकुरीत पक्वान मोडून मध्ये ठेवलं.

"घ्या ना साहेब, प्लेट नाही, ऐसेच खाओ," तो म्हणाला.

श्रावणी सोमवारी दातारांचा उपास असायचा. ते क्षणभर डब्याकडे बघत राहिले. "कांदा..." ते म्हणाले.

"श्रावण?" यशोधराने विचारलं.

"श्रावणच." मग त्यांनी शाळेच्या इमारतीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं आणि पक्वानाचा मोठा तुकडा उचलून डाळीत बुडवला. "नीलिमाला सांगू नका."

"तिनेच मला विचारलंय, हे सोमवारी इतके खुशीत का असतात," यशोधरा म्हणाली आणि दुसऱ्या बाजूने तिनेही तुकडा मोडला. डाळ झणझणीत होती. तिघांच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि तलरेजा म्हणाला की पुढच्या वेळी दुप्पट आणतो.